पाळीव बोआ आणि श्रावकाचे घर

बोआ कन्स्ट्रिक्टर हा मध्य व दक्षिण अमेरिकेतील बिनविषारी सर्प. अंगावरील तपकिरी नक्षी, शेपटीकडे गडद होत जाणारा तांबूस रंग आणि बराचसा शांत स्वभाव यांमुळे अनेक देशांत तो हौसेने पाळला जातो. असा साप गळ्यात घेतलेली माणसे मोबाइलच्या पडद्यावर सहज दिसतात. ते पाहून अकोल्यातील एखाद्या श्रावकाच्या मुलाने हट्ट धरला, तर घरची मंडळी आधी भीतीने नकार देतील. परंतु भीती हे काही खरे कारण नव्हे.

मुलाकडे युक्तिवादही तयार असतो. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला जाणाऱ्या कुटुंबाने सापाचा तिटकारा का करावा? प्रश्न रास्त आहे. सर्प हे पार्श्वप्रभूंचे लांछनच. मात्र त्या कथेतील पार्श्वकुमारांनी जळते लाकूड चिरवून नागाला बाहेर काढविले. त्याला पेटीत घालून महालात ठेवले नाही.

बोआ निवडताना जाणकार काही गोष्टी पाहतात. पिल्लू जंगलातून पकडलेले नसावे, पाळीव जोडीपासून जन्मलेले असावे. डोळे स्वच्छ असावेत, खवल्यांत गोचिडी नसाव्यात, आणि ते स्वतःहून खाऊ लागलेले असावे. हातभर पिल्लाची मादी पुढे दोन मीटरहून लांब होते. आयुष्य वीस-तीस वर्षांचे. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातील ‘पॉपआय’ नावाचा बोआ तर ४० वर्षे जगून १९७७ मध्ये मेला. पेटीच्या एका बाजूस ऊब, दुसऱ्या बाजूस गारवा आणि हवेत ओलावा हवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा अकोल्यात माणसालाच गारवा मिळत नाही, तिथे वीज गेल्यावर त्या पेटीचे काय व्हावे?

एवढेही जमेल. अडचण ‘स्वतःहून खाऊ लागलेले’ या शब्दांत आहे. बोआ दूध पीत नाही, धान्य खात नाही. त्याला अख्खा उंदीर लागतो. प्रौढ बोआला महिन्यातून एक धरला, तरी पंचवीस वर्षांत तीनशे जीव होतात. जिवंत उंदीर सापाला चावतो म्हणून पाळणारे बहुधा मारून गोठवलेले उंदीर आणतात, म्हणजे ते घरच्या फ्रीजमध्ये ठेवावे लागतात. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत; त्यांतील पहिला बंध, म्हणजे कोंडणे, आणि शेवटचा अन्नपाननिरोध. बोआ पेटीत ठेवला की पहिला घडतो. उपाशी ठेवला की शेवटचा. आणि पोटभर खाऊ घातला की उंदराचा वध. यात दोष सापाचा नाही. अरण्यात तो स्वभावाने जगतो. घरात त्याच्यासाठी उंदीर मारवून आणणारा माणूसच असतो.

कायद्याची बाजूही आहे. बोआ आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्राण्यांत येतो. २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करणे बंधनकारक आहे. कंटाळा आला म्हणून त्याला रानात सोडणे तर सर्वांत घातक. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर १९७१ मध्ये सोडलेल्या मोजक्या बोआंची प्रजा बेटभर पसरली आणि तेथील मूळच्या जिवांवर संकट आले.

बोआच्या कुळातील एक साप वऱ्हाडातही आहे. तो म्हणजे मांडूळ. भुसभुशीत मातीत राहणारा, उंदरांवर जगणारा आणि बोआप्रमाणेच अंडी न घालता पिल्लांना जन्म देणारा. बोथट शेपटीमुळे लोक त्याला दुतोंड्या म्हणतात आणि गुप्तधनाच्या खुळापायी त्याचा चोरटा व्यापार करतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पकडणे, विकणे आणि पाळणे गुन्हा आहे. व्यापारी कुटुंबांपर्यंत ‘लक्ष्मी आणणारा’ मांडूळ घेऊन दलाल आलाच, तर मुलाला बोआ नाकारणाऱ्या वडिलांची परीक्षा तेथे होईल.

मुलाची ओढ मारू नये. प्रशिक्षित सर्पमित्राबरोबर त्याने नाग, घोणस, मण्यार आणि धामण ओळखायला शिकावे. गोदामात साप निघाला, तर काठी न उचलता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर त्यानेच दूरध्वनी करावा.