फुटलेला कुकर भंगारात घालू नका



कुकर फुटला की घरातले आधी भाजलेल्या माणसाकडे धावतात, आणि तेच योग्य आहे. दवाखाना, मलमपट्टी, शेजाऱ्यांची धावपळ यांत दोन दिवस जातात. मग कुणीतरी छताला चिकटलेली डाळ खरवडतं, ओटा धुतं आणि वाकलेलं झाकण ‘नको ती वस्तू डोळ्यांसमोर’ म्हणून भंगारवाल्याला देऊन टाकतं. आमच्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रात अशी माणसं येतात. कोपरापर्यंत भाजलेला हात असतो, डॉक्टरांची फाइल असते, कुकर मात्र नसतो. दोष व्हॉल्व्हचा होता की झाकणाच्या घडणीचा, हे मग कुणालाच सांगता येत नाही. तक्रार तिथेच अडते, आणि त्याच लॉटचे बाकीचे कुकर दुकानांतून विकले जात राहतात.

म्हणून हे कळकळीचं आवाहन. कुकर असो, मिक्सर, गॅस गीझर, चार्जर किंवा मुलांचं खेळणं, ज्या वस्तूने इजा केली ती जपून ठेवा. ती धुऊ नका, जोडून पाहू नका. जागेवरच फोटो काढा, उडालेला प्रत्येक तुकडा पिशवीत घाला, बिल आणि खोकं सोबत ठेवा. ‘बदलून देतो, जुना द्या’ असं कुणी म्हणालं तर वस्तू लगेच हातची सोडू नका. नवा कुकर मिळेल, पण पुरावा परत मिळणार नाही.

कायदा आज ग्राहकाच्या बाजूने बराच भक्कम आहे, हे पुष्कळांना माहीतच नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधलं उत्पादन दायित्वाचं प्रकरण 20 जुलै 2020 पासून लागू झालं. त्यातलं कलम 84 उत्पादकासाठी आहे. घडणीत दोष, आराखड्यातच दोष, ठरलेल्या निकषांपासून फारकत, दिलेल्या हमीप्रमाणे वस्तू नसणं, किंवा इजा टाळण्यासाठी पुरेशा सूचना न देणं, यांपैकी एक गोष्ट सिद्ध झाली आणि तिच्यामुळे इजा झाली, तर उत्पादक भरपाई देण्यास बांधील आहे. कारखान्यात कोण कसा निष्काळजी वागला, हे शोधून काढण्याचं ओझं तुमच्या डोक्यावर नाही. बिल सासऱ्यांच्या नावावर आणि भाजली सून, तरी तक्रार तिला करता येते, कारण खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहकच आहे. मुदत 2 वर्षांची आहे. तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाखल होते. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्या तपासणीचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागू शकतो, हेही सांगून ठेवतो. पण तपासायला वस्तू तर हवी!

आता कुकरबद्दल थोडं सविस्तर, कारण तो घरोघरी आहे. शिट्टीखालच्या नळीत डाळीचा फेस किंवा टोमॅटोचं साल अडकलं की वाफ कोंडते. अशा वेळी झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह कामाला येतो. त्यातली मिश्रधातूची गुंडी ठरावीक तापमानाला वितळते आणि वाफेला वाट मिळते. नकली व्हॉल्व्हमधली गुंडी वेळेवर वितळेलच असं नाही. भांड्यांच्या दुकानात काउंटरवरच्या बरणीत सुटे व्हॉल्व्ह असतात, ना नाव ना खूण. काही रुपये वाचवायला आपण तेच बसवतो. याच नकली भागांमुळे उत्तर भारतात कुकर फुटू लागले, तेव्हा कुकर बनवणाऱ्या टीटीके प्रेस्टीजच्या टी. टी. जगन्नाथन यांना गिऱ्हाइकावर दोष ढकलून मोकळं होता आलं असतं. त्यांनी झाकणाच्या कडेलाच खाच ठेवली. दाब वाढला आणि व्हॉल्व्ह उघडला नाही, तर रबर त्या खाचेतून बाहेर सरकतं आणि वाफ निघून जाते. लोक नकली भाग बसवणारच, हे गृहीत धरून केलेला हा आराखडा आहे. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं.

आपल्या एमआयडीसीतल्या लहान उत्पादकांनाही माझी हीच विनंती आहे. माणूस घाईत असतो, सूचना वाचत नाही, मूल बटण दाबतं, असं धरूनच वस्तू घडवा. बॅच नंबर खोक्यावर छापून भागत नाही, कारण खोकं पहिल्याच दिवशी फेकलं जातं. तो वस्तूवरच कोरा. सूचनापत्रक मराठीत द्या, चित्रांसह द्या. एकाच भागाबद्दल दुसरी तक्रार आली, तर तिसरीची वाट न पाहता तो लॉट थांबवा आणि विकलेला माल परत मागवा. आधी केलेला हा खर्च परवडतो, एखाद्याचा डोळा गेल्यावर येणारा परवडत नाही.

दुकानदारांनो, बिनबिलाचा आणि बिननावाचा माल विकू नका. उत्पादक कोण हे कळलंच नाही, तर कलम 86 नुसार जबाबदारी विक्रेत्यावर येते. घरगुती कुकरला 1 फेब्रुवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते नसलेले 2,265 कुकर ऑनलाइन मंचावरून विकू दिले म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट 2022 मध्ये अ‍ॅमेझॉनला 1 लाख रुपये दंड केला, आणि खरेदीदारांना कळवून कुकर परत घेण्याचा व पैसे परत करण्याचा आदेश दिला. कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली.

ग्राहक म्हणून आपली बाजूही स्वच्छ हवी. वस्तूचा गैरवापर केला असेल किंवा तिच्यात फेरफार केला असेल, तर कलम 87 विक्रेत्याच्या मदतीला येतं. तेव्हा खुणेशिवायचा व्हॉल्व्ह बसवू नका आणि कडक झालेलं रबर बदला. आज रात्रीचा वरणभात झाला की कुकर उलटा करून पाहा. आयएसआय चिन्हावर ‘आयएस 2347’ आणि खाली परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये घालून तपासा. क्रमांक खोटा निघाला किंवा सापडलाच नाही, तर कुकर वापरणं थांबवा, अ‍ॅपवरूनच तक्रार करा किंवा 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. आणि ज्यांच्या घरी आधीच अपघात झाला आहे व वस्तू अजून माळ्यावर पडून आहे, त्यांनी ती तशीच खाली काढावी, बिल शोधावं आणि 2 वर्षांची मुदत अपघाताच्या दिवसापासून मोजावी.