सीआरचं कोण ऐकतं?

कॉलेजात सर्वांत जास्त फोन कुणाचा वाजत असेल, तर सीआरचा, म्हणजे वर्गप्रतिनिधीचा. रात्री साडेदहाला सरांचा मेसेज येतो, 'उद्याचं लेक्चर आठला, सगळ्यांना कळव.' तो ग्रुपवर पडला की 'नक्की का?' विचारणारे वीस जण. सकाळी निम्मा वर्ग गायब, आणि बोलणी खातो सीआर. परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख, प्रॅक्टिकलच्या बॅचेस, एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी न काढलेल्यांची यादी, सहलीची वर्गणी, सगळं त्याच्याच गळ्यात. ऑफिसातल्या क्लार्कला या कामाचा निदान पगार तरी मिळतो.

म्हणायला हा वर्गाचा प्रतिनिधी. पण निरोप वरून खाली येतात तेवढेच. खालून वर जाणारे फार थोडे.

याची मुळं जुनी आहेत. विद्यार्थी निवडणुकांतली हाणामारी खुनापर्यंत गेल्यावर महाराष्ट्राने 1994च्या विद्यापीठ कायद्यात थेट निवडणुकाच बंद केल्या आणि आधीच्या परीक्षेत पहिला आलेला मुलगा आपोआप वर्गप्रतिनिधी झाला. पालकांनी सुस्कारा सोडला असेल. पण पहिला नंबर काढणं वेगळं आणि वर्गासाठी तोंड उघडणं वेगळं. 2016च्या कायद्याने थेट निवडणूक परत आणली, 2019मध्ये ती व्हायची होती, विधानसभेच्या निवडणुकीमुळे पुढे ढकलली गेली. त्याआधी 2006मध्ये लिंगडोह समितीने उमेदवाराच्या हजेरीपासून पाच हजारांच्या खर्चमर्यादेपर्यंत सगळं ठरवून दिलं होतं. निवडून कसं यायचं यावर आपण एवढा खल केला. प्रतिनिधी झाल्यावर त्या पोराने बोलायचं कसं आणि त्याच्या पाठीशी कोण उभं राहणार, हे मात्र राहूनच गेलं.

स्कॉटलंडमध्ये याच कामासाठी 2003पासून 'स्पार्क्स' नावाची संस्था आहे. ती कोर्स प्रतिनिधींना प्रशिक्षण देते. म्हणणं अचूक हवं, समतोल हवं, त्यातून सुधारणेची वाट दिसावी आणि ते कुणा व्यक्तीवर घसरू नये, अशी चार साधी पथ्यं तिथे शिकवतात. 'सर बोअर करतात' ही कुरकुर झाली. 'शेवटची दोन युनिट्स दोन आठवड्यांत उरकली, गणितं सोडवायला वेळच मिळाला नाही' याला विभागप्रमुखांना उत्तर द्यावं लागतं. हा फरक शिकवायला तासभर पुरतो. तो तास आपल्या वेळापत्रकात नाही.

शिवाय भीती आहे. अंतर्गत गुण ज्यांच्या हातात, त्यांच्याच तोंडावर एकोणीस वर्षांच्या मुलीने सांगायचं की वर्गाला कळत नाही! माझ्या ओळखीच्या एका सीआरने ते धाडस केलं. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये दोन बॅचेस एकत्र घेतात, टायट्रेशनला ब्युरेट चौघांत एक येतं, असं तिने लिहून दिलं. बैठकीत उत्तर मिळालं, 'बघू.' पुढे काहीच कळलं नाही. मग मुलांनी तिला काही सांगणंच सोडलं. माझ्या मते नकारापेक्षा हे 'बघू' जास्त नुकसान करतं. पैसे नाहीत, पुढच्या वर्षी घेऊ, असं कळलं असतं तर वर्गात तिची पत तरी राहिली असती.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023च्या नियमांनी तक्रार निवारण समितीला अहवालासाठी 15 कामाच्या दिवसांची मुदत घातली आहे. त्या समितीत विद्यार्थी असतो तो विशेष निमंत्रित म्हणून, आणि त्याची नेमणूक पुन्हा गुण, खेळ किंवा इतर उपक्रमांतल्या कामगिरीवर. वर्गाने निवडलेला असावा, असं तिथेही कुणाला वाटलं नाही.

नवं सत्र सुरू होतंय. विभागप्रमुखांनो, सीआरची पहिली बैठक पंधरा दिवसांत घ्या, त्यांच्या गुणांशी संबंध नसलेला एक शिक्षक त्यांना नेमून द्या आणि प्रत्येक मुद्द्याचं उत्तर, होकार असो वा नकार, लेखी देऊन नोटीस बोर्डावर लावा. आणि रात्री साडेदहाचे मेसेज वर्गाच्या ग्रुपवर तुम्हीच टाका.