पुन्हा येणारी दया

आशा हा ख्रिस्ती जीवनाचा प्राण आहे, असे आपण प्रवचनांतून वारंवार ऐकतो. परंतु ती दुसऱ्याच्या मनात रुजते कशी, हे आपण क्वचितच विचारतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीपुरते आपले रूढ उत्तर सोपे आहे. नाताळ जवळ आला की एखाद्या दुर्गम टोल्यावर जावे, ब्लँकेटे वाटावीत, छायाचित्र काढावे आणि समाधानाने परतावे. या उत्तराशी माझे भांडण आहे. ब्लँकेटाशी नव्हे, थंडीत ते हवेच. भांडण आहे ते पुन्हा कधीही न फिरकण्याशी.

गडचिरोलीतच घडलेले एक उदाहरण पाहा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथील ३९ गावांत १९९५ पासून नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. हे काम केले गावातल्याच, बेताचे शालेय शिक्षण झालेल्या स्त्रियांनी. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास मोजणे, आईला स्तनपानास साहाय्य करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच उपचार करणे, ही कामे त्या शिकल्या. आणि एकदा येऊन थांबल्या नाहीत. पहिल्या महिन्यात त्याच उंबरठ्यावर पुन्हा पुन्हा आल्या. जिला उद्या कोणीतरी येणार हे ठाऊक असते, ती माता उद्याची वाट पाहू शकते. आशा म्हणजे याहून निराळे काय?

यावर काही बंधू म्हणतील, हे तर वैद्यकशास्त्राचे यश. आणि ही मंडळी ख्रिस्ती तरी कुठे आहेत? शास्त्राचे यश खरेच. भाबडी दया जीव वाचवीत नाही, दयाही शिकावी लागते. पण ते शास्त्र दारापर्यंत नेणारे पाऊल माणसाचेच होते. दुसऱ्या आक्षेपाला प्रभूनेच उत्तर दिले आहे. दयेचा धडा देण्यासाठी त्याने याजक किंवा लेवी निवडला नाही. परका शोमरोनी निवडला. त्याने जखमा बांधल्या, दोन नाणी दिली, एवढे आपल्या ध्यानात राहते. जाताना तो परत येण्याचे वचन देऊन गेला, हे मात्र आपण विसरतो. त्या जखमी माणसाची आशा त्या वचनात होती.

रस्ते, डॉक्टर, रुग्णालये ही शासनाची जबाबदारी आहे. आपली दया ही त्याची पळवाट होऊ नये. पण रुग्णालय झाले तरी शेजाऱ्याच्या दारावरची थाप कोणी द्यायची?

तेव्हा वाचकहो, यंदाही ब्लँकेटे जरूर न्या. मात्र ज्या घरी द्याल, त्या घरी होळीला पुन्हा जा, पावसाळ्यापूर्वी पुन्हा जा. तिथल्या म्हातारीचा खोकला कसा आहे, लेकरू चालू लागले का, हे विचारा. वर्षातून एकदा येणारा पाहुणा असतो. पुन्हा पुन्हा येणाराच शेजारी होतो, आणि प्रभूने आपल्याला शेजारी व्हायला सांगितले आहे.