आधी मत, मग ओळख

"गुरुजी, अंकासाठी काहीतरी चांगलं लिहा" असा संपादक मंडळातल्या मुलींचा आग्रह आहे. चांगलं सुचत नाही, म्हणून माझ्या हातून झालेली एक चूकच लिहितो.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, तेव्हा गायरानात चार पालं पडलेली होती. त्याच आठवड्यात पाण्याच्या टाकीची पितळी तोटी गेली. झालं! सारा गाव म्हणाला, पालावरच्यांनीच नेली. मीही म्हणालो, आणि तेही तिसरीच्या वर्गात, मुलांसमोर.

पुढं पालावरची एक बाई रोज कुंपणापाशी येऊन उभी राहू लागली. प्रार्थना होईपर्यंत आत बघायची आणि निघून जायची. मला वाटलं, टेहळणी करतेय. तिसऱ्या दिवशी सातवीची दोन पोरं पाठवून तिला हाकलली. चौथ्या दिवशी परत हजर! आता मीच तरातरा गेलो. ती दोन पावलं मागं सरली आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद पुढं धरला. दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेचा दाखला होता तो. लेक तिसरीत.

"मास्तर रिकामं व्हायची वाट बघत हुते. आत आले तर आरडाल म्हनून भाईरच थांबले."

आपल्या गावची एखादी आई तिथं उभी असती, तर मी म्हणालो असतो, पोराचा डबा आणला असेल. ओळखीच्या माणसाच्या वागण्याला आपण कारण शोधतो. परक्याच्या वागण्यात मात्र त्याची जात आणि स्वभाव शोधतो. आणि गंमत बघा, तिनंही माझ्याविषयी मत बनवलं होतं. म्हणून ती लांब राहिली, आणि लांब राहिली म्हणून मला संशय आला. फरक एवढाच की तिचं मत मी पोरं धाडून खरं करून दाखवलं.

माझं मत आलं कुठून? इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. पुढं तो आपल्याकडंही लागू झाला. पोलिसांकडं हजेरी द्यायची, परवानगीवाचून हलायचं नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. पण "पालं पडली, कोंबड्या डाला" हे आजीच्या तोंडून मी लहानपणी ऐकलं होतं. कोणाची कोंबडी गेली, हे कधी विचारलं नाही.

कोणी म्हणेल, सावध राहायला नको का? शाळेला कुलूप मीही लावतो. पण कुलूप सगळ्यांसाठी असतं. बोट मात्र मी चार पालांकडंच दाखवलं होतं.

मुलीला त्याच दिवशी वर्गात बसवलं. मी काय बोललो होतो, ते मुलांनी तिला सांगितलंच. पंधरा दिवस ती टाकीकडं फिरकली नाही, पाण्याची बाटली घेऊन यायची. मला ते फार उशिरा कळलं. मग वर्गासमोर उभा राहून माझे शब्द मी परत घेतले. ते तोटीबद्दल बोलण्याइतकं सोपं गेलं नाही.

तोटी आजतागायत सापडली नाही.

फाल्गुनात पालं उठली. दाखला न्यायला आई आली. या खेपेला ती कुंपणाशी थांबली नाही. सरळ कचेरीत येऊन खुर्चीवर बसली.