वसुबारसेच्या ताटापासून पुढे

मराठी घरातली दिवाळी दुधावाचून सुरू होते, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वसुबारसेला, उपास धरणाऱ्या बायका संध्याकाळी गाय-वासराची पूजा करतात आणि बाजरीची भाकरी, गवारीच्या शेंगांची भाजी खाऊन उपास सोडतात. त्या दिवशी गहू नाही, मूग नाही आणि दूध, दही, ताक, तूप यांतलं काहीही नाही. गाईचं दूध वासराचं, एवढं साधं कारण घरातली म्हातारी माणसं देतात. पिंपरी-चिंचवडमधल्या जुन्या सांगवीत आणि पिंपळे गुरवात घरोघरी गोठे होते तेव्हा ही पूजा दारातच व्हायची. आता सोसायटीच्या फाटकाशी कुणीतरी गाय-वासरू आणून उभं करतं आणि निरांजनं घेऊन रांग लागते. पूजा टिकली, बाजरीची भाकरीही टिकली. तिच्यामागचा विचार मात्र त्या एका संध्याकाळीच थांबतो.

यंदाच्या अंकाचा विषय त्याच ताटावरून सुचला. प्राण्यांपासून मिळणारं काहीही न खाता, धान्य, कडधान्य, भाजी, फळं, तेलबिया यांवर जगायचं असं ठरवणारी माणसं आता आपल्या परिसरातही दिसू लागली आहेत. कुणी साखर वाढली म्हणून ठरवतं, कुणाला गोठ्यातलं काही पाहून ते नकोसं होतं. ही निवड मला योग्य वाटते, आणि ती का वाटते हे आडपडदा न ठेवता सांगायला संपादकीयाइतकी चांगली जागा नाही.

गोठ्यापासूनच सुरुवात करतो. धार काढण्याआधी वासराला कासेला लावतात. त्यानं दोन-चार ढुशा दिल्या, चार घोट घेतले की गाय पान्हा सोडते. मग वासराला मान धरून ओढायचं आणि शेजारच्या खुंटीला बांधायचं. ते दाव्याला ताण देत राहतं, इकडे बादली भरते. कालवड असेल तर पुढच्या दुधासाठी तिला जपलं जातं. गोऱ्हा असेल तर त्याचं करायचं काय, हा प्रश्न ट्रॅक्टर आल्यापासून शेतकऱ्याला पडलेला आहे. त्यातून संकरित गाईच्या गोऱ्ह्याला वशिंड जेमतेमच, खांद्यावर जू नीट बसत नाही, ऊन सोसत नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यानं गाईच्या कत्तलीला बंदी होती, २०१५ च्या दुरुस्तीनं बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस या बंदीत नाही. आपल्या चहातलं घट्ट दूध बहुतेक म्हशीचंच, आणि म्हशीचं मांस परदेशी पाठवणाऱ्या देशांत भारत अगदी वरच्या रांगेत आहे. त्या मांसासाठी वेगळ्या म्हशी कुणी पाळत नाही. दुधातून गेलेली भाकड म्हैस आणि रेडकूच तिकडे जातात. दूध शाकाहारी आणि मटण मांसाहारी असे कप्पे आपल्या स्वयंपाकघरात आहेत, गोठ्यात मात्र दोन्हीकडे जाणारं जनावर एकच असतं.

याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणं मला मान्य नाही. दर दहा दिवसांनी हातात येणारं दुधाचं बिल हाच कित्येक घरांचा किराणा असतो. कोरडवाहू शेतीत पिकाचा भाव पडला, पाऊस हुकला तर घर तगतं ते दोन म्हशींवर. ज्यानं त्या म्हशी रात्रंदिवस सांभाळल्या त्याला निर्दयी म्हणण्याचा अधिकार पिशवीतलं दूध पिणाऱ्या शहराला नाही. प्रश्न मागणीचा आहे, आणि मागणी आपल्या घरातून निघते.

अंड्यांची गोष्ट तर आपल्या पुण्याचीच. देशातल्या कुक्कुटपालनाच्या धंद्याच्या वाढीत पुण्याचा मोठा वाटा आहे. अंड्यांचे दर जाहीर करणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ मध्ये स्थापन झाली, तीही इथलीच. अंडी देणारी कोंबडी बहुतेक ठिकाणी तारेच्या पिंजऱ्यात असते आणि तिच्या वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटिमीटर जागा येते. तुमच्या छपाईयंत्रातला नेहमीचा ए-फोर कागद ६२० चौरस सेंटिमीटरच्या वर भरतो. त्या कागदावर पंख पसरता येतात का, ते मनाशी पाहा. विधी आयोगानं २०१७ मध्ये आपल्या २६९ व्या अहवालात अंडी आणि मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या कोंबड्यांना कसं ठेवावं, कसं न्यावं याचे नियम सुचवले होते. अंडी देणाऱ्या जातीच्या, उबवणी केंद्रात जन्मलेल्या नर पिल्लांचा तर धंद्याला उपयोग नसतो. ती बहुतेक पहिल्याच दिवशी मारली जातात.

हे सगळं परदेशी खूळ आहे, असं अनेकांना वाटतं. इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी दूध-अंडीही सोडणाऱ्यांची संस्था १९४४ मध्ये काढली, हे खरं. पण विचारपूर्वक खाणं सोडण्याची रीत आपल्याला कुणी बाहेरून शिकवायची गरज नव्हती. सांगवीच्या एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी. तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम हलवून पुण्याकडे निघते ती आपल्या शेजारच्या दापोडीवरून. त्या वारीत चालणाऱ्या कुणालाही विचारा, माळ घातली की मटण-मासळी सुटते. ही माळ घालणारी माणसं मराठा, माळी, धनगर, न्हावी, चांभार, महार अशा सगळ्या जातींतली होती आणि आहेत. जन्मानं त्यांच्या घरात मांस होतंच. त्यांनी ते स्वतःहून सोडलं. आणि सोडल्यावर घरादारावर सक्ती केली नाही. आजोबा माळकरी आणि नातू आखाडात रविवार न चुकवणारा, असं घर आपल्याकडे प्रत्येक आळीत सापडेल. आजोबांची भांडी वेगळी ठेवली जातात, मागच्या पडवीत दुसरी चूल पेटते आणि कुणाचं कुणावाचून अडत नाही. स्वतःवर बंधन घालायचं पण दुसऱ्याच्या ताटात डोकवायचं नाही, ही वारकऱ्यांची रीत मला या विषयात सगळ्यात मोलाची वाटते.

कारण आपल्याकडे शाकाहाराची दुसरीही एक रीत आहे आणि ती दुखावणारी आहे. मटण खाता का, असं विचारून जातीचा अंदाज घ्यायचा आणि मग भाड्यानं घर द्यायचं की नाही ते ठरवायचं. हे पुण्यात घडतं, पिंपरी-चिंचवडमध्येही घडतं. २०१७ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एका सुवर्णपदकासाठी विद्यार्थी शाकाहारी असावा अशी अट पुढे आली. विद्यार्थ्यांनी आवाज उठवला आणि विद्यापीठाला ते परिपत्रक बाजूला ठेवावं लागलं. ते योग्यच झालं. २०२३ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारनं शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्या मुलांना केळं. २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा सरकारी पैसा बंद झाला. मी स्वतः अंडं खात नाही, आणि तरीही सांगतो की हा निर्णय चुकला. ज्या मुलाच्या घरी डाळच पातळ असते त्याच्या ताटातलं अंडं काढून कोंबडीवर दया होत नाही. तितकंच पोषण देणारं दुसरं काही आधी त्या ताटात पडलं पाहिजे, मग अंड्याचं बोलू.

आता तब्येतीचं. इथेही आपल्या डोळ्यांवरची एक पट्टी काढायला हवी. शाकाहारी म्हणजे निरोगी, असं आपण धरून चालतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. उंचीच्या मानानं दोघांच्या वजनाचा निर्देशांक तोच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबी, हा आपला बांधा. याज्ञिक यांच्याच गटानं पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बाया आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. या आयांपैकी ज्यांच्या जेवणात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा होतं त्यांची बाळं जन्मतः अधिक भरलेली होती. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक उंबरठ्यावर आहेत. यातल्या कितीतरी घरांत मांस शिजत नाही. तिथे शिजतो तो भात, साखरेचा चहा, मैद्याची खारी, फरसाण आणि उपासाला साबुदाणा. वनस्पतिजन्य आहार म्हणून हेच खाल्लं तर औंधच्या जिल्हा रुग्णालयातली रांग कमी होणार नाही. डालडासुद्धा वनस्पतीपासूनच बनतो.

दुसरी गोष्ट बी-१२ या जीवनसत्त्वाची, आणि ती मी ठळक अक्षरांत छापायला सांगितली असती. हातापायांना मुंग्या येणं, थकवा, विसरभोळेपणा, रक्त कमी होणं हे सगळं त्याच्या कमतरतेनं होऊ शकतं, आणि नसांना झालेली इजा दरवेळी भरून निघतेच असं नाही. पुणे परिसरातल्या पुरुषांच्या केईएमच्याच पाहणीत, जी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, तीनांपैकी दोघांत बी-१२ कमी सापडलं. शहरी मध्यमवर्गात तर पाचांपैकी चौघांत. यांत दूध पिणारी माणसंही होती. तेव्हा शाकाहारी घरात कपभर दूध घेतलं की बी-१२ चं भागलं, ही समजूत सोडून द्यावी. हे जीवनसत्त्व गाय बनवत नाही, झाडही बनवत नाही, ते बनवतात सूक्ष्म जिवाणू. कारखान्यात मोठ्या टाक्यांत जिवाणू वाढवून ते काढतात. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स (एचए) कंपनीत १९५५ पासून बुरशी वाढवून पेनिसिलिन काढलं गेलं, तशाच प्रकारचं हे काम. त्यात कुणा जनावराला त्रास नाही. दूध-अंडी सोडणाऱ्यानं बी-१२ ची गोळी डॉक्टरांना विचारून नेमानं घ्यायची, यात तडजोड नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना तर तपासणी आणखीच गरजेची, कारण त्या औषधानं बी-१२ कमी होतं. गरोदर बाई आणि वाढतं मूल यांच्या बाबतीत हौसेनं कुठलाच प्रयोग करू नये.

एवढी काळजी घेतली तर बाकीचं आपल्या आयांनी आणि आज्यांनी करून ठेवलंय. सांगवी, पिंपळे गुरव, दापोडी, भोसरी इथे कारखान्यांच्या ओढीनं सबंध महाराष्ट्र येऊन राहिला. खानदेशी घरात ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी होते, सोबत तेलात कालवलेली शेंगदाण्याची चटणी, अंबाडीची भाजी किंवा बेसनाच्या पातोड्यांचा झणझणीत रस्सा. लातूर-धाराशिवकडची मंडळी येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, भज्जी करतात : ओला हरभरा, तूर, वाटाणा, वाल, हाताला लागेल ती पालेभाजी, सगळं बेसन लावून एका पातेल्यात. मावळात इंद्रायणी भाताबरोबर पावट्याची आमटी. भाकरीतली ज्वारी आणि त्यासोबतची डाळ एकमेकींची उणीव भरून काढतात, म्हणून प्रथिनांची धास्ती धरायचं कारण नाही. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ आहेत. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात साधारण १२०. एक गोष्ट खटकते ती सोयाबीनची. महाराष्ट्र सोयाबीन पिकवणाऱ्या पहिल्या दोन राज्यांत आहे, पण तेल काढून उरलेली पेंड मुख्यत्वे कोंबड्यांच्या खाद्यात जाते. मुलांच्या ताटात हे प्रथिन क्वचितच येतं.

तिसऱ्या पाळीला जाणाऱ्या कामगाराचा डबा मी पाहतो तेव्हा वाईट वाटतं. बापाच्या डब्यात भाकरी-झुणका-कांदा होता, मुलाच्या डब्यात मैद्याचा रोल आणि पाकिटातला खाऊ आला. भाकरी गरिबीची वाटायला लागली आणि तीच आता मॉलमध्ये ‘मिलेट’ म्हणून दुप्पट किमतीला मिळते. वनस्पतिजन्य आहार म्हणजे बदामाचं दूध आणि डब्यातलं नकली चीज, असं कुणी तुम्हाला सांगत असेल तर त्याच्याकडे लक्ष देऊ नका. बदामाचं महागडं दूध परवडत नाही म्हणून कुणी या वाटेवरून मागे फिरू नये.

फराळाचंच पाहा ना. चिवडा, शेव, कडबोळी यांत दूध-तूप नसतंच. चकलीच्या भाजणीला तेलाचं मोहन घालतात. ते कडकडीत हवं, पिठावर ओतल्याबरोबर चरचरलं पाहिजे, नाहीतर चकली वातड होते. शंकरपाळ्यांत दुधाऐवजी नारळाचं दूध घातलं तर खुसखुशीतपणा जात नाही, आमच्या घरी आता तशाच होतात. करंजीचं सारण खोबऱ्याचं आणि खसखशीचं. बेसनाचा लाडू तुपावाचून तसा होत नाही, हे मान्य करतो. त्याऐवजी तीळ-गुळाचा किंवा शेंगदाण्याचा लाडू करावा आणि बेसनाच्या लाडवाची नक्कल करायच्या फंदात पडू नये.

या अंकात खानदेश, मराठवाडा आणि मावळातल्या वाचकांनी पाठवलेल्या पाककृती आहेत, दुभती जनावरं सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांचं म्हणणं आहे आणि या निवडीला ठाम विरोध करणारा एक लेखही आहे. तो मुद्दाम घेतला, कारण त्यातला जातीचा मुद्दा आम्हा सगळ्यांना ऐकायलाच हवा.

भाऊबीज उरकली की आपल्याकडे पुष्कळ घरांत मटण शिजेल. तुम्ही ते सोडलेलं असेल तर बहिणीच्या पंगतीतून उठून जाऊ नका, आपली भाकरी-भाजी घेऊन त्याच पंगतीत बसा. आणि सोडायचा विचार मनात असेल तर आधी दूध कमी करून पाहा, रोजच्या जेवणात एक वाटी कडधान्य आणि एक पालेभाजी वाढवा आणि या दिवाळीनंतर एकदा रक्तातली साखर नि बी-१२ तपासून घ्या. तुमचा अनुभव आम्हाला जरूर लिहून कळवा.