भाडे अलाहिदा

जड वाहनांच्या सुट्या भागांचे कोणतेही दरपत्रक हाती घेतले, तर किमतीच्या रकान्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ बहुधा आढळतेच : ‘पॅकिंग व भाडे अलाहिदा’. पुण्याच्या किंवा मुंबईच्या गिऱ्हाइकाला ती वाचण्याची फारशी गरज पडत नाही. दुकान जवळ असते, टेम्पो हाताशी असतो आणि खोक्याची जरुरीच नसते. अंबडच्या ट्रॅक्टरमालकाला मात्र किमतीच्याही आधी ती ओळ वाचावी लागते. अलाहिदा हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्या दफ्तरांत आला आणि मराठवाड्यात निजामी अंमल संपल्यावरही टिकून राहिला. त्याचा अर्थ निराळा, वेगळा, स्वतंत्र. हा निराळा खर्च नेमका किती, हे दरपत्रक सांगत नाही. माल जालन्याच्या गोदामात येऊन पडला आणि बिल्टी हातात पडली, म्हणजे तो कळतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने असले एखादे बिल पाहिले असावे!

हा विषय गॅरेजवाल्यांचा आणि दुकानदारांचा आहे, शिक्षकांनी वा कारकुनांनी त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असे कोणी म्हणेल. कारण आहे. अंबड तालुक्याचे जीवन आज यंत्रांच्या चाकांवर चालते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी आले, ऊस आला, अंकुशनगरचा समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यांच्यामागून ट्रॅक्टर, ट्रॉल्या व ट्रक आले. कापूस जिनिंगपर्यंत आणि मोसंबी बाजारापर्यंत नेण्यासही हीच वाहने लागतात. उन्हाळ्यात टँकर उभा राहिला, की ज्यांच्या घरी ट्रॅक्टर नाही त्यांच्याही घागरी रिकाम्या राहतात. म्हणून गिअरबॉक्सचे कवच किंवा मागचा अ‍ॅक्सल अंबडला किती खर्चात आणि किती दिवसांत पोहोचतो, हा प्रश्न एकट्या मालकाचा राहत नाही.

या वस्तू येतात कोठून, ते पाहावे. महिंद्राचे ट्रॅक्टर नागपुरात तयार होतात, जॉन डिअरचे पुण्याजवळ सणसवाडीला, आयशरचे भोपाळनजीक मंडीदीपला, सोनालिकाचे पंजाबात होशियारपूरला आणि स्वराजचे मोहालीला. एच.एम.टी.चा ट्रॅक्टर अजून अनेक खेड्यांत नांगरणी करताना दिसतो. पण पिंजोर येथील त्या कारखान्याचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. त्याचे भाग आता लुधियाना, राजकोट किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटचा बाजार अशा ठिकाणी शोधावे लागतात. यंत्र जितके जुने तितका त्याचा भाग दुरून येतो, आणि जुने यंत्र असते लहान शेतकऱ्याकडे. म्हणजे ज्याची ऐपत कमी, त्याचे भाडे जास्त.

त्यातून हा भाग एकटा प्रवास करतो. दहा टन सळई जालन्याहून बाहेर जाते तेव्हा भाडे दहा टनांवर वाटले जाते. चाळीस किलोच्या एका पेटीला हे भाग्य नाही. ती प्रथम मोठ्या शहरातील गोदामात उतरते, तेथे चढविली जाते, संभाजीनगरला किंवा जालन्याला पुन्हा उतरते, आणि शेवटी अंबडकडे येणाऱ्या गाडीची वाट पाहते. प्रत्येक चढ-उतारीला हमाली आहे. वजन कमी असले तरी वाहतूकदाराने ठरविलेल्या किमान वजनाचे भाडे द्यावेच लागते. जालना ते अंबड हे अंतर तीस किलोमीटरांच्या आतले. पण वाहतूकदाराच्या नेहमीच्या वाटेबाहेरचे गाव म्हणून त्या तुकड्याची आकारणी पुष्कळदा निराळी होते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा; जून २०२५ पासून तो संपूर्ण खुला झाला आणि जालना त्यावर आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु या पेटीचा कालावधी आणि पैसा रस्त्यावर जितका जातो, त्याहून अधिक गोदामात जातो.

पॅकिंगविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण त्याबाबत बराच गैरसमज आहे. लोखंडाला काय बांधायचे, असे सामान्य माणसाला वाटते. प्रत्यक्षात ओतीव लोखंड जड असते तसेच ठिसूळही असते. एक घनफूट ओतीव लोखंडाचे वजन सुमारे दोनशे किलो भरते. असा भाग ट्रकच्या फाळक्यावरून सिमेंटच्या फरशीवर आदळला, की त्याचा कान उडतो किंवा डोळ्यांस न दिसणारी चीर जाते, आणि ती चीर शेतात, भरल्या ट्रॉलीखाली उघडी पडते. क्रँक शाफ्टचे घासून गुळगुळीत केलेले भाग गंजापासून आणि ओरखड्यापासून जपावे लागतात. त्यांना तेल, मेणकागद, लाकडी खाचा आणि जाड फळ्यांची पेटी हवी. ही पेटी फुकट होत नाही आणि तिचे स्वतःचे वजनही भाड्यात धरले जाते. स्वस्तात भागवायचे म्हणून गोणपाट आणि सुतळीवर काम निभावले, तर वाचलेले पैसे हमालाच्या एका धक्क्यात जातात.

हलक्या पण मोठ्या भागांचे गणित याच्या उलट आहे. बॉनेट, मडगार्ड, केबिनचे पत्रे यांचे भाडे वजनावर नव्हे, तर व्यापलेल्या जागेवर आकारतात. लांबी, रुंदी आणि उंची यांचा सेंटिमीटरांतील गुणाकार करून त्यास ५,००० ने भागण्याची रीत कुरिअर व्यवसायात रूढ आहे. दीडशे, नव्वद आणि साठ सेंटिमीटरांच्या खोक्यात पंचवीस किलोचे बॉनेट असले, तर या हिशेबाने भाडे १६२ किलोंचे होते. यात फसवणूक नाही, कारण गाडीतली जागा खरोखरच अडते. परंतु खोके चार बोटे लहान केले असते तर किती रुपये वाचले असते, याचा विचार खोके बांधणारा करीत नाही, कारण पैसे त्याच्या खिशातून जात नाहीत. आमच्या मते दुखण्याचे मूळ येथे आहे. पेटी एक जण बांधतो, तिचे मोल दुसरा देतो, आणि ती फुटली तर तिसरा हात वर करतो.

हा तिसरा हात कायद्याने किती वर करता येतो, तेही पाहू. १८६५ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा २००७ चा रस्ते मालवाहतूक कायदा मार्च २०११ पासून लागू आहे. त्याखालील नियमांनुसार माल गहाळ झाला किंवा बिघडला, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत आणि घोषित किमतीच्या मर्यादेत असते. समजा, अठरा हजारांच्या कवचाचे भाडे नऊशे रुपये झाले. तर ते कवच दोन तुकडे होऊन आले तरी नियमाची मर्यादा नऊ हजारांवर थांबते. याहून अधिक संरक्षण हवे असेल तर माल रवाना करतानाच जादा जोखमीचा दर कबूल करून तो भरावा लागतो. शिवाय दावा करण्यापूर्वी, माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. या अटी वाईट आहेत असे नाही. त्या माल पाठविणाऱ्याला उद्देशून आहेत, आणि अंबडचा शेतकरी असतो माल घेणारा. त्याच्या वतीने नोंदणीपत्रावर कोणती किंमत लिहिली आणि कोणता दर कबूल केला, हे त्यास कोणी विचारलेले नसते. पेटी उघडण्याआधी पावतीवर सही करून घेण्याची घाई मात्र सर्वत्र दिसते.

कराचाही एक पदर आहे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे विक्रेत्याने लावलेला पॅकिंगसारखा आनुषंगिक खर्च मालाच्या मूल्यात धरला जातो, आणि मालाला जो दर तोच त्या खर्चालाही लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या बऱ्याच भागांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला; ट्रक व इतर वाहनांच्या भागांवरील २८ टक्क्यांचा दर १८ झाला. ही सवलत मोठी आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे. पण दोन हजारांच्या भागावर तेरा टक्क्यांनी वाचलेले दोनशेसाठ रुपये एका लाकडी पेटीतच संपून जातात, हेही नमूद करणे भाग आहे.

येथे युरियाचे उदाहरण आठवते. ४५ किलोची गोणी कारखान्याच्या शेजारी जी निर्धारित किंमत घेते, तीच अंबडच्या दुकानात घेते, कारण तिच्या वाहतुकीचा भार शासन उचलते. पोलादाच्या बाबतीत तर १९५० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत समान भाड्याचे धोरण होते. भिलाई-जमशेदपूरचे पोलाद मुंबई-पुण्याच्या कारखानदारांना जवळजवळ दाराशी असल्याच्या दराने मिळाले, आणि बिहार-बंगालच्या खाणपट्ट्याने त्याची किंमत मोजली. दूर असणे हा गुन्हा नव्हे, हे तत्त्व अशा रीतीने राज्यकर्त्यांना ठाऊक आहे. ते बड्या उद्योगाच्या वेळी आठवले, एवढेच.

तथापि सुट्या भागांनाही अनुदान द्या, अशी आमची मागणी नाही. अनुदानाचा पैसा कोणत्या खिशात थांबतो, याचा अनुभव ताजा आहे. वाहतूकदारांची बाजूही समजून घेतली पाहिजे. एका पेटीसाठी गाडी अंबडला पाठवायची आणि परत रिकामी आणायची, हा आतबट्ट्याचा व्यवहार कोणी करणार नाही. डिझेल, टोल, हमाल आणि गाडीचे हप्ते ही त्यांची ओझी खरी आहेत. प्रश्न खर्च का होतो हा नसून तो झाकून का ठेवला जातो, आणि पेट्या एकत्र का आणल्या जात नाहीत, हा आहे.

झाकलेल्या खर्चाचे परिणाम गॅरेजांत पाहावयास मिळतात. मूळ भागाला आठ दिवस आणि अनिश्चित भाडे लागते असे दिसले, की मालक वेल्डिंगचा मार्ग धरतो. तडा गेलेला हब, वाकलेला अ‍ॅक्सल, तुटलेले स्प्रिंगचे पाटे यांना टाके घालून गाडी रस्त्यावर येते. नाहीतर दुकानात तयार असलेला बनावट भाग बसतो. त्याचा डबा हुबेहूब असतो आणि लोखंड हिणकस. बनावट मालाविरुद्ध छापे घालून हा व्यापार बंद होईल, असे ज्यांना वाटते त्यांनी पेरणीच्या तोंडावर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरमालकाच्या जागी स्वतःला कल्पून पाहावे. वापसा आठ दिवस थांबत नाही. गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अंबड-वडीगोद्री रस्त्यावर संध्याकाळी चालतो, तेव्हा त्याच रस्त्याने शिकवणीहून परतणारी मुले सायकलींवर असतात. टाका घातलेल्या अ‍ॅक्सलवर भरवसा ठेवून आपण सारेच त्या रस्त्याने जात असतो.

मग करावयाचे काय? सर्वांत आधी ‘अलाहिदा’ हा शब्द दरपत्रकातून गेला पाहिजे. भागाची किंमत, पेटीची किंमत, अंबडपर्यंतचे भाडे, जोखमीचा दर आणि पोहोचण्याची तारीख हे सारे मागणी नोंदवतानाच लेखी मिळणे अवघड नाही. आज पिनकोडवरून कुरिअरचा दर क्षणात काढता येतो. तो गिऱ्हाइकाला दाखवायचा नाही, एवढाच संकोच आहे.

दुसरी गोष्ट एस.टी.ची. गावोगावी दिवसातून चार वेळा जाणारी दुसरी कोणती गाडी या राज्यात आहे? २०२० च्या टाळेबंदीत प्रवासी थांबले, तेव्हा महामंडळाने जुन्या बसगाड्यांचे रूपांतर करून मालवाहतूक सुरू केली. ती सूचक होती. पण तिचा भर संपूर्ण गाडी भाड्याने देण्यावर राहिला, आणि तालुक्याची गरज आहे एकेका पेटीची. जालना आगारातून अंबड, परतूर, मंठा, घनसावंगी अशी ठरलेल्या वेळी निघणारी एक मालगाडी, प्रत्येक आगारात वजनकाटा, लहानशी साखळी-कप्पी आणि भिंतीवर रंगविलेला दरफलक, इतक्याने पुष्कळ साधेल. दरेगावच्या शुष्क बंदराची पायाभरणी २०१५ मध्ये झाली. त्यामागे परदेशी जाणाऱ्या कंटेनरांचा विचार होता. तो योग्यच. परंतु परदेशी जाणाऱ्या पेटीला जितका मान, त्याच्या शतांश तरी अंबडला येणाऱ्या पेटीला मिळावा.

आणि काही काम तालुक्यालाच करता येईल. कोणते भाग हंगामात हमखास तुटतात, हे दर मिस्त्रीला तोंडपाठ असते. कारखान्याच्या शेतकी विभागाने आणि खरेदी-विक्री संघाने मिळून ती यादी ऑगस्टमध्ये करावी, सगळ्यांची मागणी एकत्र नोंदवावी आणि एक ट्रक भरून माल आणावा. म्हणजे भाडे पेटीवर नव्हे, टनावर पडेल. लोखंडी चौकटीच्या परत पाठविण्याजोग्या पेट्या मोठ्या वाहन कारखान्यांत वर्षानुवर्षे वापरात आहेत. त्या कारखान्यांच्या विक्रेत्यांनी त्या तालुक्यापर्यंत आणल्या, तर दरवेळी फोडून चुलीत जाणाऱ्या फळ्यांचा पैसा वाचेल. अशी यादी यंदा झाली, तर बॉयलर पेटण्यापूर्वी दसऱ्याच्या आसपास पहिला ट्रक अंबडला रिकामा होऊ शकेल.