गेम बंद पडला तरी क्लब उरला पाहिजे

ऑगस्ट २०२० मध्ये पबजी मोबाइलच्या जागतिक लीगमध्ये, पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत, ‘ऑरेंज रॉक’ हा भारतीय संघ दुसरा आला. त्याच वर्षी या गेमची दक्षिण आशियासाठी वेगळी व्यावसायिक लीगही सुरू झाली होती. २ सप्टेंबरला केंद्र सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात पबजी होता. महिन्याभरापूर्वी जगात नाव काढलेल्या पोरांना खेळायला खेळच उरला नाही. जुलै २०२१ मध्ये तोच गेम ‘बीजीएमआय’ या नावाने परतला, पुढच्या वर्षी त्याची मास्टर्स सिरीज थेट स्टार स्पोर्ट्सवर दिसली, आणि ती संपते न संपते तोच २८ जुलै २०२२ रोजी तोही ॲप स्टोअरवरून हटवला गेला. परत यायला मे २०२३ उजाडला. त्याआधी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, फ्री फायर या गेमवरही बंदी आली होती. आपल्याकडच्या ई-स्पोर्ट्स लीगचा इतिहास सांगायला बसले, की तो असा बंदी आणि परवानगीच्या तारखांमधूनच सांगावा लागतो. म्हणूनच माझे म्हणणे असे आहे की विदर्भाने स्वतःची लीग जरूर उभारावी, नागपूरने त्यात पुढाकार घ्यावा, पण ती एखाद्या गेमच्या नावाने उभारू नये. आधी जिल्ह्याजिल्ह्यांत नोंदणी झालेले क्लब उभे राहावेत, लीग त्या क्लबांची असावी. कोणता गेम खेळायचा, हे त्यानंतर ठरवता येते.

यामागचे कारण मालकीत आहे. क्रिकेट किंवा कबड्डीला मालक नाही; गेम मात्र एखाद्या कंपनीची मालमत्ता असते. स्पर्धा भरवायची, तिचे प्रक्षेपण करायचे, तर कंपनीची संमती लागते, आणि कंपनी परदेशी असेल तर आपल्या सरकारचीही मर्जी लागते. ही अडचण फक्त भारताची नाही. ई-स्पोर्ट्सची पहिली मोठी व्यावसायिक व्यवस्था दक्षिण कोरियात उभी राहिली. तिथे २००० मध्ये सरकारच्या मान्यतेने संघटना स्थापन झाली आणि २००३ पासून ‘स्टारक्राफ्ट’ या गेमची प्रोलीग भरू लागली. मग प्रक्षेपणाच्या हक्कांवरून गेमची मालक कंपनी आणि संघटना यांच्यात वाद पेटला, २०१० मध्ये सामनेनिश्चितीचे प्रकरण बाहेर आले, आणि २०१६ मध्ये ती लीग बंद पडली. खेळ तिथेच संपायला हवा होता, पण तसे झाले नाही. एसके टेलिकॉमने २००४ मध्ये ‘टी-वन’ हा संघ स्टारक्राफ्टसाठीच काढला होता. त्या क्लबने पुढे ‘लीग ऑफ लीजंड्स’ या दुसऱ्या गेमचा संघ बांधला आणि सहा वेळा जगज्जेतेपद मिळवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये चेंगडूला झालेल्या अंतिम सामन्यात टी-वनसमोर ‘केटी रोल्स्टर’ हा संघ होता, आणि त्याची मुळेही स्टारक्राफ्टच्याच काळातली. ज्या लीगमधून हे दोघे आले, ती जाऊन नऊ वर्षे झाली होती. प्रशिक्षक, सरावाची शिस्त, नवी मुले हेरण्याची पद्धत आणि चाहते हे सगळे क्लबकडे जमा झाले होते, म्हणून गेम बदलला तरी वाया गेले नाही.

यावर कोणी म्हणेल, की गावाच्या नावाने लीग काढून झाली आहे आणि ती फसलीही आहे. आक्षेप रास्त आहे. अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीने २०१८ मध्ये ‘ओव्हरवॉच लीग’ सुरू केली. बारा संघ होते, प्रत्येकाच्या नावात शहर होते, आणि एकेका जागेची किंमत दोन कोटी डॉलर असल्याच्या बातम्या होत्या. २०२३ मध्ये ती गुंडाळली गेली. पण तिची रचना पाहा. पहिल्या हंगामात शांघायचा संघ असो, सोलचा असो की लंडनचा, सगळे लॉस एंजेलिसजवळच्या एकाच स्टुडिओत खेळत होते. शहर फक्त जर्सीवर होते. त्या शहरातल्या शाळेतून, कॉलेजातून, गल्लीतून त्या संघापर्यंत पोहोचायची वाट नव्हती. आणि लीगचा मालक तोच गेमचा मालक, त्यामुळे गेमची लोकप्रियता घसरली तशी लीगही घसरली. आपल्याकडेही महानगरांची नावे लावलेले संघ उतरवून स्पर्धा झाल्या आहेत. वरच्या पातळीवर आपला संघ पोहोचलाही आहे: २०२३ मध्ये व्हॅलोरंट या गेमची पॅसिफिक लीग सोलमध्ये सुरू झाली, तेव्हा दहा संघांत मुंबईचा ‘ग्लोबल ई-स्पोर्ट्स’ होता. मात्र पहिल्याच हंगामात त्याला बाहेरच्या देशांतून खेळाडू आणावे लागले. जागा मिळाली, पण ती भरायला लागणारी खालची फळी तयार नव्हती.

खालची फळी कशी तयार होते, हे नागपूरला कोणी शिकवायची गरज नाही. विदर्भाचा रणजी संघ १९५७-५८ मध्ये पहिल्यांदा उतरला आणि त्याने पहिला करंडक जिंकला तो २०१७-१८ मध्ये, इंदूरला दिल्लीला हरवून. साठ वर्षे लागली. पुढच्याच वर्षी दुसरा करंडक आला आणि २०२४-२५ मध्ये नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर केरळविरुद्धच्या सामन्यात तिसरा. विदर्भाची प्रो टी-ट्वेंटी लीग सुरू झाली ती त्यानंतर, जून २०२५ मध्ये. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो: आधी जिल्हा, वयोगट आणि अकादमी, मग करंडक, आणि शेवटी फ्रँचायझी. नागपूरच्या बुद्धिबळातही तेच दिसते. रौनक साधवानी २०१९ मध्ये ग्रँडमास्टर झाला, संकल्प गुप्ता २०२१ मध्ये, आणि जुलै २०२५ मध्ये दिव्या देशमुखने बटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. त्याच सुमारास रियाधच्या ई-स्पोर्ट्स विश्वचषकात बुद्धिबळाचा पहिल्यांदाच समावेश झाला. ज्या खेळाला मालक नाही आणि ज्याची फळी नागपुरात तयार आहे, असा एक खेळ ई-स्पोर्ट्सच्या मांडवात येऊन बसला आहे. विदर्भाच्या लीगने सुरुवातीपासून तो घ्यावा. उद्या दुसरा गेम बंद पडला तरी हंगाम पार पडेल.

सगळ्यात मोठा आक्षेप पालकांचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. मुले तासन्‌तास फोनमध्ये डोके घालून बसतात, रात्री जागतात, पैसे लावतात. त्यात आणखी लीग कशाला? पैसे लावण्याबाबत संसदेने ऑगस्ट २०२५ च्या कायद्यात रेघ ओढली आहे. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी, आणि ई-स्पोर्ट्सला स्वतंत्र ओळख. प्रवेश शुल्क आणि बक्षीस चालेल, पैज चालणार नाही. ही रेघ योग्य आहे, आणि तिने प्रायोजकांचा काही पैसा आटला तरी तो सोसावा. राहिला व्यसनाचा प्रश्न. एकट्याने खोलीत रात्रभर खेळणे आणि संघाने ठरलेल्या वेळी सराव करणे यांत फार अंतर आहे. बीजीएमआयच्या स्पर्धेत एका लॉबीत, म्हणजे एका सामन्यात, सोळा संघ असतात, प्रत्येकी चार खेळाडू. प्रत्येक संघात एक आयजीएल (इन-गेम लीडर) असतो: पुढचे सुरक्षित वर्तुळ कुठे पडेल याचा अंदाज बांधून तो तिघांना हलवतो, आणि संघाला गाडी सोडून पायी जायचे की नाही हे दोन-तीन सेकंदांत ठरवतो. हे कौशल्य दुपारच्या दोन तासांच्या स्क्रिम्समधून, म्हणजे सराव सामन्यांमधून, त्यांचे चित्रण पुन्हा पाहण्यातून येते. जागरणाने ते बिघडते. आज मुलाला थांब म्हणणारा एकच माणूस आहे, घरातला, आणि त्याला गेम कळत नाही. क्लब असेल तर थांब म्हणणारा प्रशिक्षक असेल, आणि त्याचे ऐकले जाईल.

देखरेख नसली की काय होते, तेही आपण पाहिले आहे. २०१८ मध्ये शांघायच्या एका काउंटर-स्ट्राइक स्पर्धेत भारतीय संघातला एक खेळाडू नेम आपोआप लावून देणारा प्रोग्रॅम वापरताना पकडला गेला. फाइलचे नाव त्याने ‘वर्ड’ असे ठेवले होते. त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली आणि संघच बरखास्त झाला. निर्दोष सहकाऱ्यांनाही त्याची किंमत मोजावी लागली. जिल्हा पातळीवर पंच, तपासणी आणि तक्रारीची सोय असती, तर असा खेळाडू शांघायपर्यंत पोहोचण्याआधीच अडला असता.

म्हणून सुरुवात लहान असावी. विदर्भात अकरा जिल्हे आहेत. प्रत्येकात खुली पात्रता फेरी व्हावी, स्लॉट विकले जाऊ नयेत. अंतिम सामने नागपुरात एका सभागृहात लॅनवर, म्हणजे स्थानिक नेटवर्कवर, व्हावेत; मग गडचिरोलीच्या पोराला पिंगमुळे, म्हणजे इंटरनेटच्या विलंबामुळे, मार खावा लागणार नाही. तीन गेम असावेत, त्यांतले एक बुद्धिबळ, आणि बाकी दोन दर तीन वर्षांनी तपासले जावेत. गेम कंपन्यांशी करार लीगच्या संघटनेने करावा, एकेकट्या आयोजकाने नव्हे. अठराच्या आतल्या खेळाडूच्या करारावर पालकांची सही असावी, बक्षिसातला त्याचा वाटा त्यात आकड्यात लिहिलेला असावा, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात, एकही सामना ठेवू नये. एवढी नियमावली तयार करायला ना मोठे भांडवल लागते, ना कोणत्या गेम कंपनीची परवानगी. नागपूर विद्यापीठाचा क्रीडा विभाग आणि शहरातल्या क्रीडा संघटना एकत्र बसल्या, तर ती पुढच्या उन्हाळी सुट्टीच्या आत तयार होऊ शकते.